युसुफचाचांचा राणीछाप

आधीच कबूल करतो, या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर खारी खावी तसे वाचत आलोय... मजेत, आणि एकावरही विश्वास न ठेवता. माझं कामच तसं आहे. भिवंडीतल्या एका डाईंग युनिटच्या लॅबमध्ये बावीस वर्षं ड्युटी करतोय. रंग का उतरला, डाग का पडला, याचं उत्तर कुठल्या ना कुठल्या बाटलीत सापडतंच, या भरवशावर माझं घर चालतं. तरीही गेल्या वर्षी माझ्याच घरात, रविवारी सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात जे घडलं ते लिहून टाकतो. हसायचं तर हसा. मीही आधी हसलोच होतो.

कामतघरला आमचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर. मी आणि बायको वैशाली. मला जुन्या चांदीच्या नाण्यांचा नाद. सोनाराकडे मोडीत आलेली नाणी वितळायला जायच्या आत मी उचलतो, घरी आणतो आणि साफ करतो. साफ म्हणजे घासत नाही हं! लोक चिंच लावतात, टूथपेस्ट लावतात, पितळ घासायची पावडर लावतात आणि शंभर वर्षांचं नाणं पाच मिनिटांत बरबाद करतात. मी फक्त अ‍ॅसिटोनमध्ये बुडवतो, म्हणजे तेल, मेण, चिकटा सुटतो. मग डिस्टिल्ड वॉटर. मग मऊ सुती कापडावर ठेवून द्यायचं, पुसायचंसुद्धा नाही. चांदीवर चढलेली काळसर झाक काढायची नसते, ती त्या नाण्याची कातडी असते.

हे सगळं मी युसुफचाचांना समजावत होतो, तेव्हा ते माझ्या ओठांकडे बघत होते. चाचा आमच्या ओळखीचे, भिवंडीतल्याच निजामपुऱ्यातले, जुन्या कोकणी मुसलमान घरातले. चाळीस वर्षं लूमवर काढली, आणि त्या खडखडाटाने दोन्ही कान नेले. कानाचं मशीन आहे, पण ते शर्टाच्या खिशात. "घातलं की नुसती चरचर," म्हणतात. ओठ बघून अर्धं कळतं, उरलेलं त्यांची नात सना हातवारे करून सांगते.

त्या आठवड्यात चाचा एक राणीछाप रुपया घेऊन आले होते. काळाकुट्ट, वर लाखेचा थर. कधीकाळी त्यांच्या आईच्या पानाच्या डब्याच्या झाकणावर लाखेने बसवला होता म्हणे.

"सनाचा निकाह हाय पुढच्या इतवारला. तिच्या हातात देयाचा हाय. चमकव."

"चाचा, चमकवत नाहीत. काळेपणा राहू द्यायचा."

सनाने हातवारे करून सांगितलं. चाचांनी आपल्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला. "मग माझी काली दाढी का न्हाय राखली रे कोणी?"

मी हसत हसत रुपया ठेवून घेतला. आणि माती खाल्ली.

झालं असं. त्याच सुमारास सोनाराकडून मी तीन राणीछाप आणले होते. एकाच साली पाडलेले... आणि नेमकं चाचांच्या रुपयावरही तेच साल. चारही मी एकाच दुपारी भिजवले, वेगवेगळ्या वाट्यांत, नीट चिठ्ठ्या लावून. लाख विरघळली, तेल गेलं, चारही धुतले, कापडावर ओळीने ठेवले आणि प्रत्येकाशेजारी त्याची चिठ्ठी. लाईट गेली होती. ती आली, आणि फुल स्पीडवरच राहिलेला पंखा गरगरला. चिठ्ठ्या चारी दिशांना. वैशाली धावली, तिचा पदर कापडाला लागला, चारही रुपये खाली घरंगळले!

नाण्यांच्या ग्रुपवर मीच लोकांना रोज शिकवतो, साफ करण्याआधी फोटो काढा, वजन लिहून ठेवा. मी काढला होता का फोटो? नाही. घाई. चार रुपये हातात घेऊन बसलो. राणी तीच, मुकुट तोच, झीजही थोड्याफार फरकाने तीच.

"आता?" वैशाली म्हणाली.

"कुठलाही एक देऊ. साल तेच, चांदी तीच. कोणाला कळणारे?"

तिने चिठ्ठ्या गोळा करून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "आईचा रुपया आहे तो, अहो."

बस. पुढचे दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. लॅबमध्ये शेडसुद्धा चुकली.

निकाहाला अजून आठवडा होता. त्या रविवारी सकाळी चाचा आणि सना रुपया न्यायला आले. मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. पण धीर होईना. "चहा घ्या, आणतोच," म्हणून आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. काहीतरी फरक सापडावा म्हणून एकेक रुपया बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकेच वाजवायला लागलो. नाण्यावर नाणं आपटायचं नसतं, चरा पडतो. पेन्सिलीने आवाज अगदी बारीक येतो, पण खोटं नाणं बद्द वाजतं आणि खरं गातं. पहिला वाजवला. दुसरा. तिसरा...

बाहेर कपबशी आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चाचांची हाक.

"आलो!"

दार उघडलं. चाचा उभे, पायजम्यावर चहा सांडलेला, डोळे मोठे. "कोण वाजवतो?" म्हणाले. त्यांच्या मागे वैशाली आणि सना, दोघींचे चेहरे उतरलेले. वैशाली कुजबुजली, "अहो, मी मघापासून ओरडून विचारतेय साखर किती... त्यांना काही ऐकू येत नव्हतं."

मला वाटलं, योगायोग. पण चाचा टेबलाकडे आले, माझ्या हातातला तिसरा रुपया घेतला आणि खाली बसून रडायला लागले. रडता रडता हसतही होते.

सनाने त्यांचं बोलणं थांबत थांबत आम्हाला नीट सांगितलं. चाचांच्या आईला जन्मापासून वाचा नव्हती. निजामपुऱ्याच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्या आया आपापल्या पोरांना ओरडून बोलवायच्या. ही काय करणार? ती खिडकीच्या लोखंडी गजावर रुपया वाजवायची... हाच. चाचा म्हणाले, "पोरं हसायची. पन मी गल्लीच्या टोकाला असलो तरी मला ऐकू यायचा." आई गेल्यावर रुपया डब्याला बसवला, तेव्हापासून तो कधी वाजलाच नव्हता.

इथे माझ्यातला लॅबवाला जागा झाला. मी म्हटलं, थांबा, टेस्ट करू. चारही रुपयांना नंबर दिले, चाचांच्या हातातल्याला तीनच. चाचांना स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसवलं, मी त्यांच्या शेजारी. सना आतल्या खोलीत, दार बंद. वाटेल त्या क्रमाने वाजवायचं, वैशालीने तिथेच बसून वेळेसकट कागदावर लिहायचं. ऐकू आलं की चाचांनी हात वर करायचा, मी वेळ टिपायची. मला स्वतःला दारापलीकडचं काहीच ऐकू येत नव्हतं, आणि माझे कान ठीक आहेत बरं का!

चाचांनी सात वेळा हात वर केला. मध्येच गॅसवरच्या कुकरने त्यांच्या कानापासून दोन हातांवर अशी शिट्टी मारली की मी दचकून उडालो. चाचा ढिम्म. दोन्ही कागद ताडून बघितले तर सनाने एकूण वीसेक वेळा वाजवलं होतं, त्यात तिसरा रुपया बरोबर सात वेळा. बाकी तिघांवर एकदाही हात नाही.

मग पुन्हा भिंग काढलं; आधी फक्त राणीची बाजू तपासली होती, या वेळी कड बघितली. तिसऱ्या रुपयाच्या कडेच्या दातऱ्यांत लाखेचा लालसर कण अडकलेला होता, टाचणीच्या टोकाएवढा. इतर तिघांत नाही. म्हणजे रुपया त्यांचाच. तो कसा ऐकू आला, ते मात्र भिंगात दिसत नाही.

मग मी सगळं कबूल केलं. पंखा, चिठ्ठ्या, आणि कुठलाही एक रुपया द्यायचा माझा विचारसुद्धा. कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. चाचांनी वाचलं आणि माझ्या पाठीत असा धपका घातला की बस्स. "दुसरा दिला असतास तर मी घेतला असता रे! वर तुला दुवा पन दिली असती!"

निकाहाच्या आधी सना त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. रिपोर्ट जुनाच, दोन्ही कान जवळजवळ बंद. तिने रुपयाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवला, तर त्यांना काही नाही. लॅबमधल्या आमच्या साहेबांना मी विचारलं. ते म्हणाले, एखाद्या नेमक्या फ्रिक्वेन्सीला कान थोडा जिवंत असू शकतो. ठीक. पण मग एकाच साच्यातले दुसरे तीन रुपये? आणि बंद दार? साहेबांनी विषय बदलला.

निकाह झोकात झाला. आम्ही दोघांनी आडवा हात मारून जेवण केलं. रुपया सनाबरोबर पनवेलला गेला. मी चाचांना विचारलं, "आता तुम्हाला कसा ऐकू येणार?" ते म्हणाले, "माझी आई माझ्यापुरती थोडीच होती? तिचीपन पणजी हाय."

हल्ली चाचा एकेका रविवारी येतात. चहा घेतात आणि मग मला माझा सगळा संग्रह एकेक करून वाजवायला लावतात. राणीछाप, राजाछाप, छोट्या चवल्या-पावल्या, सगळं. डोळे मिटून बसतात. काही म्हणजे काही ऐकू येत नाही त्यांना. आम्ही दोघंही हसतो. गेल्या वेळी मी पिशव्या परत लावत होतो तेव्हा म्हणाले, "सुनील, हे मला न्हाय बोलवत. पन कोणाला तरी बोलवत असतील. नीट ठेव."

नीट ठेवलीत. कोरड्या पाकिटांत, एकमेकांना लागणार नाहीत अशी. स्पष्टीकरण विचाराल तर बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे ते नाही... आणि खरं सांगू? शोधायची घाईही नाही.