देवीची जट

निजामाच्या अमदानीत औरंगाबादच्या शहागंजात फुलंब्रीकडची एक बाई मेथी विकायला बसायची. तिच्या केसांत मनगटाएवढी जट होती, देवीची. कापली तर घरात मढं पडेल, असं तिला लहानपणीच बजावलेलं. आम्ही गिऱ्हाइकं आधी तिच्या पाया पडायचो, मग भाव करायचो. जटेच्या ओझ्यानं मान तिरकी धरून ती आशीर्वाद द्यायची.

एके सकाळी मान सरळ. जट नाही.

"झोपेत उंदरानं निम्मी कुरतडली," जुड्यांवर पाणी मारत ती म्हणाली. "लई भ्याले. पन उंदराला कायबी झालं नाय. मग उरलेली म्याच इळ्यानं कापली."

"इतकी वर्षं का नाही कापली?"

"लोकं पाया पडायची. बरं वाटायचं."

मी मेथी घेतली.

"त्या उंदराला रोज भाकरीचा तुकडा टाकते," ती म्हणाली. "पन हात जोडत नाय."