शंकरपाळ्यांची ताटली

नेदरलँड्समध्ये आमच्या शेजारी राहणारे आजोबा एकेकाळी व्यावसायिक फुटबॉल खेळायचे. कुंपणावरून त्यांना काही द्यायला गेलं, की हात पुढे करण्याआधी ते दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागे बघतात. आधी मला वाटलं, गोडाधोडावरून आजी रागावतात की काय!

तसं विचारल्यावर आजी हसल्या. "मिडफिल्डर होता ना! चेंडू पायाशी यायच्या आत तो कुणाला द्यायचा ते बघून ठेवायचं, हीच सवय. सगळी कारकीर्द त्यातच गेली."

"आणि गोल?" मी आजोबांना विचारलं.

"ते बाकीच्यांनी केले," आजोबा मजेत म्हणाले.

मला मात्र हातात काही पडलं, की ते किती आहे एवढंच आधी दिसतं. मागे कुणी उभं आहे का, हे बघायचं सुचतं ते ताटली रिकामी झाल्यावर.

काल आजी बाहेर गेल्या होत्या. मी मुद्दाम तेव्हाच गरम शंकरपाळ्या नेल्या. आजोबांनी सवयीनं मागे पाहिलं. कुणीच नव्हतं. त्यांनी ताटली घेतली आणि तशीच अलगद माझ्याकडे सरकवली.

"आधी तू घे."