फ्रॉक आधी की हाफ पँट आधी

"सर, पोरीचा विषय बदला. गणित काढा आन् एस. पी. घाला."

मे महिना होता. बारावी कॉमर्सचे व्हेकेशन क्लास चालू होते. कुंडलजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तेव्हा गणित शिकवत असे. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर उभे होते एसटी स्टँडवरचे कांबळे टेलर, माझ्या वर्गातल्या सुनंदाचे वडील. एस. पी. म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. गणिताऐवजी हा विषय घेता येई आणि बहुतेक मुलं तोच घेत.

"गणितात कमी पडते का ती?" मी विचारलं.

"कमी न्हाई वो. पर गणिताचा क्लास सकाळचा, एस. पी.ला सुट्टीत क्लास न्हाई. शाळंच्या ड्रेसचा सीझन हाय. शाळा उघडायच्या आत समदी कापडं गेली पायजेत. मी कापणार, ती शिवणार. तीच न्हाई म्हटल्यावर मशीन काय तुमचा शिपाई चालवणार?"

शिपाई मागे हसला. मी चार दिवसांची मुदत मागितली.

कांबळे टेलर गेल्या महिन्यात वारले. सुनंदाचा फोन आला होता. तेव्हापासून हे थोडं थोडं लिहितो आहे.

सुनंदाला साताऱ्याला जाऊन स्टॅटिस्टिक्स घेऊन पदवी करायची होती. बारावीला गणित नसेल, तर ते राहिलंच. आणि योगायोग असा, की वर्गात तेव्हा सीक्वेन्सिंग चालू होतं. सीक्वेन्सिंग म्हणजे कामांचा क्रम लावणं. प्रत्येक काम आधी एका मशीनवर जातं, मग दुसऱ्यावर. पहिल्या मशीनवर जे काम पटकन होतं ते आधी घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला लवकर काम मिळतं. दुसरं मशीन नुसतं थांबून राहतं, त्याला आयडल टाइम म्हणतात. तो कमी करायचा.

कांबळ्यांची कात्री हे पहिलं मशीन, सुनंदाचं शिलाई मशीन दुसरं. गणिताचा उपयोग दिसला तर माणूस विरघळेल, असं मला वाटलं. रविवारी पँटचं माप द्यायला म्हणून गेलो आणि बसून राहिलो.

कापलेलं कापड रात्रभर तसंच ठेवायचं नाही, असा कांबळ्यांचा नियम होता. त्यामुळे रोज सकाळी मशीनपाशी शिवायला काहीच नसे. मग ते मुलींच्या फ्रॉकचा मोठा गठ्ठा कापायला घेत. आधी सगळ्या फ्रॉकचे पुढचे भाग, मग पाठी, मग बाह्या, कॉलर शेवटी. तोवर एकही फ्रॉक शिवायला मिळत नसे. बारीकसारीक हाफ पँट त्यानंतर. उत्तर सोपं होतं. हाफ पँट आधी कापायच्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी हे सुनंदाला दाखवलं. तिनं कागद पाहिला आणि हळूच म्हणाली, "सर, हे आण्णांना नका सांगू."

"का?"

"आत्ता मी सकाळी रिकामी असते. तुमच्या क्रमानं सकाळीच मशीनवर बसावं लागंल. मग क्लासला कधी येऊ?"

मी कागद खिशात घातला. माझ्या उत्तरानं माझाच वर्ग बंद होणार होता.

संध्याकाळी दुकानात गेलो, तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. सुरुवात सुनंदानंच केली.

"आण्णा, तुमी फ्रॉक कापता तवा मी काय करते?"

"काय करतीस?"

"रेडिओ ऐकते."

"रोज?"

"क्लास नसंल तवा रोज. तेवढ्यात माझा क्लास होतोय."

कांबळ्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "आन् हाफ पँटी आधी कापल्या तर?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीकडे पाहिलं.

"तर मी सकाळी आल्या आल्या शिवायला बसंन," ती म्हणाली. "काम लवकर उरकंल. तासभर तरी."

कांबळे माझ्याकडे वळले. "सर, तुमाला ठावं हुतं हे?"

"होतं."

"मग बोलला न्हाई ते?"

"माझीच विद्यार्थिनी गेली असती."

"आयला, मास्तर असून चोर हाय की वो तुमी!" ते मोठ्यानं हसले. मग पुन्हा खडू उचलून मुलीला म्हणाले, "फ्रॉकच आधी कापणार मी. लय वर्साची सवय हाय, आता कुठं मोडू? तू क्लासवरनं थेट हितं यायचं. वाटंत मैत्रिणींसंगं उभी ऱ्हायलीस तर बघ."

ड्रेस शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी पुरे झाले. शेवटच्या शर्टांची बटणं कांबळ्यांच्या बायकोनं लावली. सुनंदा बारावीला गणितात वर्गात पहिली आली, साताऱ्याला शिकली आणि आता सांगलीत स्टॅटिस्टिक्स शिकवते.

हा धडा मी पुढं पुष्कळ वर्षं शिकवला. मात्र आयडल टाइम कमी करायला सांगण्याआधी, त्या वेळात कोण बसलं आहे ते बघून या, असं मुलांना सांगू लागलो. पेपरात त्याला मार्क नव्हते.