बे गावची बेकर

अमेरिकेतल्या डब्लिनमधली नोकरी गेल्यावर मी तिथून तासाभरावरच्या एका खेड्यात गॅस स्टेशन आणि त्यामागचं जुनं घर घेतलं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून आलेल्या माणसांनी वसवलेलं गाव; नावसुद्धा तिकडचंच उचललेलं. घराचा भाव मी मालकाच्या नाकीनऊ आणून पाडला होता, पण गावाच्या तोंडी ते ‘बेकर हाउस’च राहिलं. पहिल्या मंडळींतला एक पाववाला तिथे राहायचा, एवढ्यावरून. माझं डोकं फिरायचं. बायको हसायची. म्हणायची, “आपण नाही का गावाच्या नावाला ‘कर’ लावत? बेकर म्हणजे बे गावचे. चालेल मला.”

तिसऱ्या हिवाळ्यात ती कॅन्सरने गेली. चर्चच्या बायकांनी झाकलेली भांडी पायरीवर आणून ठेवली. चिठ्ठ्यांवर माझं नाव नव्हतं. ‘बेकर हाउस’.

पुढे गावाचा इतिहास छापायचं ठरलं. ते काम बघणारी निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आली. पाववाल्याच्या फोटोंची पेटी मला माळ्यावर सापडली होती, ते तिच्या कानावर गेलं होतं. इंग्लंडमधलं ते मूळ खेडं, त्याचं चर्च, पावाची भट्टी, सगळं त्यात होतं. मी सांगितलं, फुकट मिळणार नाही. पुस्तकात माझ्या बायकोचा फोटो, खाली तिचं नाव. ती म्हणाली, पुस्तक जुन्या घराण्यांचं आहे. मी पेटीचं झाकण लावलं. महिन्याभराने ती स्वतःहून आली आणि कबूल झाली.

पुस्तक आलं. शेवटून दुसऱ्या पानावर बायको आमच्या पायरीवर बसलेली, साडीवर माझा जाड कोट. खाली छापलेलं: मिसेस बेकर.

मी तसाच त्या म्हाताऱ्या शिक्षिकेच्या दारात गेलो. तोंडाला येईल ते बोललो, पेटी परत मागितली. तिने सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन पेटी आणली.

“मला तिचं तेच नाव माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच भेटीत तिने सांगितलं. म्हणाली, बे नावाचं गाव आहे, तिथले ते बेकर. पुस्तकात घालायला मी नकाशावर खूप शोधलं. तुमच्या देशात नक्की कुठे आहे ते?”

पेटी घेऊन मी घरी आलो.