दोन सिलेंडर झोपवणारी गाडी

वडशात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. अब्बांनी ते सुरू केलं तेव्हा ट्रॅक्टरचे डायनॅमो आणि जीपचे सेल्फ एवढंच काम असायचं. आता अब्बा दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि हात माझे काळे होतात.

नाटकांच्या हंगामात एका सकाळी एक बाई पांढरी गाडी घेऊन आल्या. आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांत त्या मुख्य भूमिका करतात, त्यामुळे चेहरा पोस्टरवरून ओळखीचा होता. गाडी त्यांची स्वतःची होती, आयुष्यातली पहिली. इतकी वर्षं नाटक मंडळीच्या व्हॅनमध्ये सामानाच्या पेट्यांवर बसून फिरल्यावर घेतलेली, हे त्यांनी उतरता उतरताच सांगितलं.

तक्रार चमत्कारिक होती. गावात गाडी अगदी छान चाले. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात आली की मात्र हिसका बसे आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागे. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ ठीक. शहरातल्या एका गॅरेजने इंजिनाचा वरचा सगळा भाग बदला म्हणून सांगितलं होतं.

या इंजिनाला चार सिलेंडर. सपाट रस्त्यावर जोर लागत नसला की त्यातले मधले दोन झोपतात, पेट्रोल वाचावं म्हणून. चढ लागला की पुन्हा जागे होतात. झोपवायचा इशारा कॉम्प्युटर देतो, वायरमधून, छोट्या कॉइलना. याबद्दल मी वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते, पण असं इंजिन माझ्या हाताखाली पहिल्यांदाच आलं होतं.

स्कॅनरने दुसऱ्या सिलेंडरच्या कॉइलकडे बोट दाखवलं. मी ती कॉइल मोजली, मग शेजारची मोजली. दोन्ही सारख्या, दोन्ही चांगल्या. कॉइलपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर तपासली, तीही जोडलेली दिसली. हलवून पाहिली, तरी मीटर ढिम्म. बाईंचा चेहरा उतरला. अब्बा खुर्चीतूनच म्हणाले, "उभ्या गाडीत दिसून नाई राह्यलं, त चालत्या गाडीत पाह्य."

तेच माझ्याही मनात होतं. मी त्याच वायरला दोन मीटर जोडले, एक कॉइलच्या टोकाला आणि दुसरा कॉम्प्युटरच्या टोकाला. लांब वायरी बोनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घेतल्या. चालू गाडीत दोन्ही मीटरवर बॅटरीइतकाच विजेचा दाब दिसायला हवा, आणि झोपवायचा इशारा आला तर दोन्ही एकदमच पडायला हवेत. एकावरचा आकडा पडला आणि दुसऱ्यावरचा टिकला, तर वायर मध्येच कुठेतरी तुटतेय. बाईंना मी हे समजावलं तेव्हा त्यांनी साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या की गाडी त्याच चालवणार.

आम्ही आरमोरीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, पुढे सागाचं जंगल. मी मांडीवर मीटर घेऊन बसले. रस्ता सरळ झाला, त्यांनी वेग धरला. दोन्ही आकडे सारखे होते. मग समोर बैलबंडी दिसली, गाडी जराशी मंदावली आणि कॉम्प्युटरकडचा मीटर एकदम शून्यावर गेला. पाठोपाठ हिसका बसला, दिवा लागला. कॉइलकडचा आकडा जागच्या जागी होता.

"बाई, आत्ता तुमी पाय उचलला का?"

"होव. काऊन?"

मी त्यांना पुन्हा वेग घ्यायला आणि पुन्हा पाय उचलायला सांगितलं. पुन्हा शून्य. तेव्हा जागा मला दिसली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन आपल्या आधाराच्या रबरांवर किंचित कलतं. कॉम्प्युटर बॉडीला बसवलेला असतो, तो हलत नाही. म्हणजे वायरिंग जिथे इंजिनावरून बॉडीकडे वळतं, तिथेच ताण बसत होता. गावात सिलेंडर झोपतच नाहीत, म्हणून तिथे हिसका बसत नव्हता.

दुकानात येऊन मी त्या वळणावरची टेप सोडली. आधीच्या कुठल्याशा कामात कोणीतरी तिथे क्लिप फार घट्ट आवळली होती. वायरचं वरचं आवरण अख्खं होतं, पण दोन बोटांत धरल्यावर एका ठिकाणी ती मऊ लागली. कापून पाहिलं तर आत तांबं तुटलेलं. टोकं नुसती एकमेकांना टेकलेली होती. नवा तुकडा झाळून घातला, वळणाला ढील दिली, क्लिप सैल बसवली. इंजिनाचा वरचा भाग उघडावाच लागला नाही.

पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. सरळ पट्ट्यावर डॅशबोर्डवर दोन सिलेंडरची खूण उमटली. बाईंनी मुद्दाम पाय उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. हिसका नाही, दिवा नाही. बाईंनी माझा काळा हात स्वतःच्या हातात घट्ट धरला आणि त्या एका हाताने गाडी चालवत राहिल्या. मला त्या वेळी जे वाटलं तो गर्वच होता, आणि तो मी लपवलाही नाही.

त्यांनी ही गोष्ट मंडळीत सांगितली असावी. त्या हंगामात दुसऱ्या मंडळींच्या गाड्याही येऊ लागल्या. एकदा एक ड्रायव्हर माझ्याकडे न पाहता अब्बांना विचारू लागला की ते कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचे मिस्त्री कुठी आहेत.

अब्बा म्हणाले, "तुमच्यासमोर उभी हाय. पोरगी हाय माझी."

मी त्याला बोनेट उघडायला सांगितलं.