एका पॅकिंगच्या पाच झेरॉक्स

उदयसिंह सरनोबत कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. चौतीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढलेल्या या माणसाच्या घरी मिक्सरच्या वॉरंटीचीही फाईल आहे. मिक्सर जाऊन सात वर्षं झाली, फाईल आहे. खांदा कॉलनीत कुणाचा दाखला हरवला, की लोक आधी उदयसिंहांकडे चौकशी करतात. दुसऱ्याच्या कागदाचीही एखादी प्रत तिथे निघते.

या टापटिपीत न बसणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे पार्किंगमधली अठरा वर्षांची पांढरी गाडी. तिच्या डाव्या दाराला पोचा आहे. सुमतीवहिनी चालवायला शिकत होत्या तेव्हा कॉलनीच्या फाटकाने तो पाडला, असं वहिनी सांगतात. फाटकाची बाजू कुणी ऐकलेली नाही. उदयसिंहांनी सीटा बदलल्या, रंग दिला, पण त्या पोच्याला कुणाला हात लावू दिला नाही. का, ते विचारलं तर ते चष्मा पुसायला लागतात.

तर या गाडीतून पाणी गळायला लागलं. उरणच्या रस्त्यावर ती दोनदा तापून उभी राहिली. गॅरेजवाला म्हणाला, "काका, वॉटर पंप गेलाय, पण हिच्यावर आता मेहनत नका घेऊ." पुण्याहून लेकाने, सत्यजीतने, फोनवर निकालच दिला, "बाबा, सोमवारी भंगारवाला पाठवतोय."

वहिनींनी मात्र एक फट ठेवली. उरणजवळच्या मोरा बंदरातून मासळी घेऊन दारावर येणाऱ्या गुणाबाईंनी त्यांना रविवारी घरी जेवायला बोलावलं होतं. "मोऱ्याला जाऊन न तापता परत आली तर राहील," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर सोमवारी जाईल."

उदयसिंहांनी पंप स्वतःच बदलायचा ठरवला. शुक्रवारी धुण्याच्या बादलीत रेडिएटरचं पाणी सोडलं, पट्टा काढला, एकेक बोल्ट पुठ्ठ्यात खोचून त्याला नंबर दिला. पंपाच्या पाठीमागचं पॅकिंग, पाणी गळू नये म्हणून बसवतात ते कागदी, इतक्या वर्षांनी अखंड सुटून आलं. ते बघून उदयसिंहांना भरूनच आलं.

दुकानात पंप मिळाला, पॅकिंग संपलेलं. दुकानदाराने पॅकिंगचा कागद दिला आणि म्हणाला, "जुनं वर ठेवा नि कापून घ्या."

पण जुनं म्हणजे ओरिजिनल. आणि ओरिजिनलवर काम करायचं नाही, हा चौतीस वर्षांचा धर्म. उदयसिंह सरळ झेरॉक्सवाल्याकडे गेले. पाच प्रती काढल्या. ओरिजिनल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाईलला लावलं, वर 'वाहन' लिहिलं, कपाटाला कुलूप.

शनिवारी सकाळी एक प्रत कागदावर चिकटवून त्यांनी वहिनींच्या शिवणाच्या कात्रीने झोकात कापली. पहिला बोल्ट बसला. दुसरा जरा रुसूनच बसला. पाचव्याने तर भोकाकडे पाहिलंही नाही. दुसरी प्रत, तेच. तिसरी, तेच. पॅकिंगचा कागद आता हातभर उरला होता आणि सोमवार दीड दिवसावर आला होता. ते डोकं धरून पायरीवर बसले आणि पंपच चुकीचा दिला म्हणून दुकानदाराला पत्र लिहायचा मजकूर मनात जुळवू लागले.

तेवढ्यात गुणाबाई पाटी घेऊन आल्या. त्यांनी एक झेरॉक्स उचलून पंपावर धरली.

"भाऊ, ह्यो पंप बाप हाय, नि तुमचा कागद त्याचा पोरगा."

उदयसिंहांनी पट्टी आणून मोजलं. झेरॉक्स खरंच लहान होती. आधीच्या गिऱ्हाईकाचं कसलंसं कार्ड बारीक काढून झेरॉक्सवाल्याने मशीन तसंच ठेवलं होतं.

"मंग जुनं कुठं हाय?"

"फाईलमध्ये," उदयसिंह हळूच म्हणाले.

गुणाबाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी आकाशाकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या त्याला फायलीत, झोपलाय तो. हातोडी आना."

आणि मासळीचे हात पदराला पुसून त्या बसल्या. उरलेला कागद थेट पंपाच्या तोंडावर ठेवला आणि कडेकडेने हातोडीने टिकटिक ठोकत गेल्या. लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जात होता. हातोडीच्या गोल तोंडाने भोकं पाडली. "बोटीच्या इंजिनाला आमी असंच करतो. आमचा पोरगा काशिराम मशीन खोलतो नि पॅकिंग मी ठोकते. आता दोनी अंगांनी ग्रीस लावा. बारीक लावा, पुरणपोलीवर तूप नाय घालायचं."

पाचही बोल्ट बसले. उदयसिंहांनी पुन्हा एकदा नंबर तपासले ते तपासलेच.

रविवारी मोऱ्याला जाताना त्यांनी ना खाडी पाहिली ना कंटेनर. पाहिला तो तापमानाचा काटा. वहिनी दोनदा काही बोलल्या, त्यांनी दोन्ही वेळा "हो" म्हटलं. जेवणाआधी काशिरामने बॉनेटला कान लावला आणि म्हणाला, "बरी बोलते." उदयसिंहांना तेवढ्यावर जेवण गोड लागलं.

परत येताना कॉलनीच्या फाटकाशी वहिनी म्हणाल्या, "थांबवा." त्यांनीच उतरून बॉनेट उघडलं, पंपाखाली बोट फिरवलं. उदयसिंह डाव्या दाराशी, पोच्यावर हात ठेवून उभे. बोट कोरडं निघालं.

वहिनींनी तिथूनच सत्यजीतला फोन लावला. "गाडी राहणार. पण भंगारवाला येत असेल तर येऊ दे, रद्दी आहे. दोन झेरॉक्स उरल्यात."

"एकच," उदयसिंह घाईने म्हणाले. "एक फाईलला लागेल."