हंसाकाकूंनी अडवलेले डबे

तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाकाकू लोकांचे डबे ढापतात, अशी शांती नगरात दोन वर्षं कुजबुज होती. एकीने तर शपथेवर सांगितलं, डबे मोडीत घालून त्यांनी नवा फ्रिज घेतला. फ्रिज मुलाने दिला होता. पण अफवेकडे पावती कोण मागतो?

काकूंची रीत साधी होती. कुणाकडून ढोकळा आला की डबा घासून, पुसून थेट फडताळात. डब्याची मालकीण दारात आली की काकूंचा चेहरा कसा सोज्वळ! "अगोबाई, रिकामा कसा देऊ? आमच्यात तशी पद्धत नाही. उद्या या, काहीतरी घालून देते." उद्या पीठ आंबलेलं नसे, परवा खोबरं संपलेलं असे.

"हंसाबेन, खाली ही दे दो डब्बा, चलेगा!" दुसऱ्या मजल्यावरच्या चंपाबेन तिसऱ्या खेपेला हात जोडत.

"नहीं हो, बैठो. चहा टाकते."

मुलगा नीरज पुण्यात बड्या कंपनीत. तिथे परीक्षा घेऊन प्रत्येकाला त्याची अंगभूत ताकद सांगतात. नीरजची निघाली 'कनेक्टेडनेस'. म्हणजे सगळी माणसं एकमेकांशी जोडलेली आहेत हे आतून जाणवणं. त्याने प्रमाणपत्र फ्रेम करून टांगलं. जगाशी जोडलेला हा गृहस्थ आईला दर रविवारी साडेचार मिनिटं फोन करी. त्यातली दोन "हॅलो, आवाज येतोय का?" यातच जात.

सोसायटीच्या ग्रुपवरून डब्यांची बातमी त्याच्यापर्यंत पोचली आणि एका शनिवारी साहेब हजर. फडताळ उघडलं. सतरा डबे!

"आई, तू विसरायला लागलीयस. डॉक्टरांना दाखवू. आणि आता पुण्याला चल, कायमची."

काकू पुण्याला त्याच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या घरी महिनाभर राहून आल्या होत्या. महिनाभरात बेल वाजली ती फक्त कुरियरवाल्याची.

"आधी ज्याचे त्याला देऊन ये," त्या एवढंच म्हणाल्या. "मग बघू."

नीरज दोन पिशव्या घेऊन निघाला. वीस मिनिटांचं काम. काकू दाराशी खुर्ची टाकून बसल्या. दीड तास झाला. मग जिन्यात धापा ऐकू आल्या. पिशव्या नेताना होत्या त्याहून जड!

"रिकामेच दिलेस?"

"हो. का?"

"मेल्या, लाज काढलीस माझी. आणि हे काय?"

"सगळ्यांनी भरून दिले. 'लडका आया है' म्हणून. अकरा डबे आहेत." नीरज खाली बसला. "आई, चंपाबेन सांगत होत्या, तुझा डावा गुडघा दुखतो. मला उजवा माहीत होता."

"उजवा दोन वर्षांपूर्वी."

"वरचा राघो विचारत होता, बीपीची नवी गोळी सोसते का. बदलली कधी?"

"गणपतीत." काकूंनी एका डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "तुझ्या मजल्यावर कोण राहतं रे, नीरज?"

नीरजने बराच विचार केला. "एक कुत्रा आहे," तो म्हणाला.

रविवारी निघताना रिकामे झालेले डबे घासून परत द्यायला तो सिंककडे वळला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "फडताळात ठेव."

त्याने ठेवले आणि एकटाच पुण्याला गेला.

डबे ढापल्याची गोष्ट खरी होती. काकू काही विसरत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर, तेराव्यानंतर आठ दिवस त्यांची बेल कुणी वाजवली नव्हती. नवव्या दिवशी चंपाबेन आपला राहिलेला डबा मागायला आल्या.